दह्याले सुतक नसते

माही बायको मेली त्या दिवशी सुनेनं घरातलं सगळं पाणी ओतून दिलं. ते बरोबर होतं. माणूस गेलेल्या घरचं पाणी ठेवत नाहीत. तिनं माठ पालथे घातले, हंडे रिकामे केले, सकाळचा भात कुत्र्याले टाकला. तेही बरोबर. मग तिनं शिंक्यावरचं दह्याचं मडकं उतरवलं अन् मागच्या उकिरड्यावर नेऊन आपटलं. ते मी पाह्यलं नाही. मी समोर अंगणात होतो. बांबू वाकडे आणले म्हणून तिरडी बांधणाऱ्यांवर ओरडत होतो.

दह्याले सुतक नसते. दूध, दही, तूप, मीठ यांले सुतक लागत नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालेही माहीत असते. पण सून जबलपूरकडची. आमच्या घरचे रिवाज आमच्यापेक्षा चार बोटं जास्त पाळून दाखवायची तिले मोठी हौस. गावातल्या बाया भवताली बसल्या होत्या, त्यातल्या एकीनंही तिचा हात धरला नाही. रडायले आलेल्या बाया रडतात. पाहायचं काम त्यांचं नसते.

मले हे कळलं तेरवी झाल्यावर. पाहुणे गेले, मंडपवाल्यानं त्याच्या खुर्च्या उचलल्या अन् घर एकदम मोठं झालं. इतके दिवस दुसऱ्याच्या हातचं खाल्लं होतं. बुंदी, पुऱ्या, पाणचट आलूची भाजी. मी सुनेले म्हणलं, "उद्या कण्या कर."

कण्या म्हणजे ज्वारीच्या, ताकातल्या. आमचा बालाघाटचा मुलूख धानाचा. लामत्याच्या आजूबाजूले जिकडे पाहाल तिकडे धानाच्या बांध्या. ज्वारी इथं कोणी पेरत नाही, अन् खाणाऱ्याले लोकं हसतात. पण माही बायको वऱ्हाडातली. लग्न झालं तेव्हापासून वर्षाले एक पोतं तिच्या माहेराहून येत होतं. ती अख्खी ज्वारी भिजवे. भिजली की फडक्यावर निथळून उखळात हलक्या हातानं कुटे, सालटं निघे पण दाणा फुटे नाही. सुपानं कोंडा उडवे. मग जात्यातून भरडून त्या कण्या ताकात भिजवून ठेवे अन् चुलीवर मंद आचेनं शिजवे. वरून लसणाची फोडणी, सुकी मिरची. एवढंच. ते खाऊन मी या तांदळाच्या देशात राहून भाताले नावं ठेवायले शिकलो.

सून म्हणली, "दही नहीं है, बाबूजी. मटका तो उसी दिन फेंक दिया."

"काहून फेकलं?"

"सूतक था न."

"दह्याले सुतक नसते! तुह्या मायनं एवढंही नाही शिकवलं तुले?"

पोरगा मधात पडला. तो मलाजखंडले खाणीत कामाले आहे, त्याले तिथली मोठ्या आवाजात बोलायची सवय, पण माह्यासमोर त्याचा आवाज बसते. "बाबा, दहीच आहे नं. लामत्याले पाकीट भेटते. घेऊन येतो."

"पाकिटातलं तू खा. तुले माय पाकिटातली भेटली असती तरी तुले चाललं असतं."

त्यानं मान खाली घातली. सुनेनं नाही घातली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं अन् ती सरळ माह्याकडे पाहून म्हणली, "अम्मा गईं तब आपकी आँख से एक आँसू नहीं निकला. और दही के लिए चिल्ला रहे हैं."

खरं बोलली. मी रडलो नव्हतो. मी म्हणलं, "तुह्या आसवांचं विरजण लागत असतं तर काही तरी कामाले आली असती तू. रड अजून. मी मडकं आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघून गेले. जाताना पोरगा म्हणला, "चला संग. इथं एकटे काय करान?" मी म्हणलं, तुह्या क्वार्टरात बसून खाणीचे धमाके मोजण्यापेक्षा इथं मेलेलं बरं. तो पाया पडला. सूनही पडली. रिवाज पाळायची हौस.

ते गेल्यावर मी उकिरड्यावर गेलो. मडक्याची खापरं तिथंच होती. एका खापरीले आतून दही वाळून पापडासारखं चिकटलं होतं. ते मी नखानं खरवडलं, कोमट दुधात टाकलं, झाकून ठेवलं. सकाळी दूध फाटलं होतं अन् त्याले शेणाचा वास येत होता. मग मी पाकीटही आणलं, सुनेले शिव्या देऊन आणलं तरी आणलंच. त्यानं जे लागलं ते दह्यासारखं दिसत होतं, खाल्लं तर खडूसारखं. मग मिरचीचे देठ टाकून लावलं. मग चिंच टाकून लावलं. आंबट झालं. दही झालं नाही.

आता कोणी म्हणीन, म्हातारा बायकोसाठी झुरते. आमचं काही गोड जोडपं नव्हतं. ती मले ‘मुर्दाड’ म्हणे अन् मी तिले ‘वऱ्हाडी घोडी’. ती आजारी पडली तेव्हा बालाघाटच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्याही मले म्हणली, "तुमचं तोंड पाहून माणूस लवकर मरते." मी म्हणलं, "मंग पाहून घे नीट." बाजूच्या खाटेवरची बाई तोंडावर पदर घेऊन हसली. असंच आमचं होतं. पण ती रोज रात्री ज्वारी भिजवे. भांडण झालं तरी भिजवे. भांडलेल्या दिवशी तर जास्त भिजवे, म्हणजे सकाळी उखळात जोरानं कुटायले भेटे. ती गेल्यावर माह्याकडे तिची तीच एक गोष्ट राहील असं मले वाटत होतं. ती चव. तीही सुनेनं उकिरड्यावर आपटली.

आता भिंतीचं सांगतो. आमच्या अंगणाच्या मधातून एक मातीची भिंत जाते. पलीकडे माह्या लहान भावाचं घर. वाटणी झाली तेव्हा बापाच्या हातचं मोहाचं झाड त्याच्या बाजूले गेलं, पण फुलं आमच्याही बाजूले पडत. माही बायको वेचे. एक दिवस भावानं झाडच तोडलं, न सांगता, न विचारता. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. तो मेला तेव्हा मी त्याले खांदा दिला नाही. लोकं घ्यायले आले होते. मी खाटेवर बसून विडी पीत राह्यलो. तो आज पुन्हा मेला तर आजही देणार नाही.

आता त्या घरात त्याची बायको एकटीच आहे अन् तिची म्हैस. पोरी लग्न होऊन गोंदियाकडे गेल्या. भिंत गोठ्यापाशी येऊन बुटकी होते, कमरेएवढी. तिथं तिची म्हैस बांधलेली असते.

मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्यात लहान भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही. समोर आला तर पदर पुढं घेते अन् भिंतीशी लागून उभी राहते. जन्मभर तिचा आवाज मी ऐकला तो फक्त भिंतीपलीकडून, अन् तोही दुसऱ्या कोणाशी बोलताना. तोंड मात्र तिचं असं की उघडलं तर कावळे उडावे.

मिरचीच्या देठांवर मी शिव्या देत होतो तेव्हा भावजय पलीकडे म्हैस दोहत होती. म्हशीले म्हणली, "ऐक वं माय. लोकं मिरचीच्या देठानं दही लावून राह्यले. उद्या चपलेनं लावतील."

मी देठ दुधात दाबत राह्यलो.

"सुनेच्या अंगावर धावले म्हणे मडक्यासाठी. ज्याच्या घरचं विरजण कुठून येते हेच त्याले ठाऊक नाही, त्याले मडक्याचा काय इतका पुळका आला वं?"

मले राहावलं नाही. पण भावजयीशी बोलता येत नाही. मग मीही म्हशीकडेच तोंड केलं. "कुठून येते म्हणजे? विचार तुह्या मालकिणीले."

म्हशीनं कान हलवले. पलीकडून आवाज आला, "नवरा लोटा घेऊन परसाकडे गेला की त्याची बायको तेवढ्या वेळात या भिंतीपाशी येऊन उभी राहत होती. रोज. तिच्या हाताले दही लागत नव्हतं वं. तार सुटे त्याले, शेंबडासारखी. आजचं लावलं तर उद्या विरजायच्या लायक राहत नव्हतं. रोजचं विरजण ह्याच घरचं जात होतं. सांग त्याले."

काही बायांच्या हाताले दही लागत नाही हे आम्हाले माहीत आहे. हाताचा गुण असते. पण माह्या बायकोच्या हाताले लागत नव्हतं, हे मले माहीत नव्हतं. इतकी वर्षं. मी गावात छाती काढून सांगत होतो की ताक पाहावं तर आमच्या घरचं. जेवायले बसलो की भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणत होतो, पलीकडे भावाले ऐकू जावं म्हणून, "त्या घरचं ताक डुकरंही तोंडाले लावणार नाहीत." अन् ती समोर बसून म्हणे, "हौ. नाहीच लावणार." अन् पळीनं अजून वाढे.

मी घरात आलो. तिचा फोटो भिंतीवर होता, हार घातलेला. सुनेनंच लावला होता. मी म्हणलं, "खोटारडे!" हार काढून चुलीत टाकला अन् फोटो उलटा करून लावला, तोंड भिंतीकडे. जिवंत माणसाशी भांडता येते, ते उलटून बोलते, मग जरा बरं वाटते. ही काही बोलली नाही. फोटोच्या पाठीवर फोटोवाल्याच्या दुकानाचा कागद चिकटवलेला होता, तेवढा दिसत राह्यला.

दोन-चार दिवस मी भातच खाल्ला. नुसता, मीठ टाकून. मग माह्या लक्षात आलं की चव काही खोटी नव्हती. विरजण कोणाचंही असो. चव खरी होती, अन् ती भिंतीच्या पलीकडे शिंक्यावर टांगलेली होती. तिच्या घरीही सुतक होतं, एकाच कुळाचे आम्ही, पण तिनं आपलं दही फेकलं नव्हतं. तिले रिवाज ठाऊक होता.

एका सकाळी मी गडवा घेतला अन् भिंतीपाशी गेलो. कोणाकडे काही मागायले मी जन्मात गेलो नाही. म्हशीले म्हणलं, "थोडं विरजण लागते."

ती शेण काढत होती. वर पाह्यलं नाही. "सख्ख्या भावाले खांदा द्यायले पाय उठले नव्हते वं यांचे. ताकासाठी बरे उठले."

"ज्यानं बापाचं झाड तोडलं त्याले खांदा काय, पाणीही पाजलं नसतं."

"अन् रिकामं भांडं घेऊन आले. पाह्यलं का? रिकामं! त्याची बायको कधी रिकामं भांडं घेऊन नाही आली या भिंतीपाशी."

"काय आणत होती ती?"

ती हसली. ते हसणं मले अजून ऐकू येते. "ज्वारी. भिजलेली. गडवाभर ज्वारी देई अन् वाटीभर विरजण नेई. या घरच्या माणसानं जन्मभर कण्या खाल्ल्या त्या कुठल्या ज्वारीच्या, विचार त्याले."

तेव्हा मले आठवलं. भाऊ जेवायले बसला की पलीकडून त्याचाही आवाज येत होता, मले ऐकू यावं म्हणून मोठ्यानं, "अशा कण्या त्या घरी कोणी करून दाखवल्या तर मिशी काढून देईन!" अन् त्याची बायको म्हणे, "हौ, कुठं करतात ते."

म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूले एकच ज्वारी अन् एकच ताक. आम्ही दोघं भाऊ एकाच ताटातलं खाऊन एकमेकाच्या ताटात थुंकत होतो. अन् या दोघी बाया वाढत होत्या. तो तर न कळताच मेला. नशीबवान.

मी म्हणलं, "ज्वारी आणली तर देशील काय? विचार म्हशीले."

"भिजलेली. अन् तिनं भिजवल्यासारखी. नाही तर म्हशीच्या कामाची आहे, माह्या नाही."

ज्वारी भिजवायची म्हणजे त्यात काय आहे, असं मले वाटलं. पाणी टाका अन् झोपा. पोत्याच्या बुडाशी थोडी ज्वारी राहिली होती. शेवटची. माहा साळा, तिचा भाऊ, मेल्यावर त्याच्या पोरांनी ज्वारी पेरणं सोडलं, ते सोयाबीन पेरतात. ही ज्वारी तिनं आजारी पडायच्या आधी बसून निवडली होती, एक एक खडा काढून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवली होती. दही तिचं नव्हतं. ही तिची होती. हिच्यावर तिचा हात फिरला होता. अन् तीच मले म्हशीपुढं नेऊन ठेवायची होती.

पहिल्या खेपेले मी बोरचं पाणी टाकलं. थंडीचे दिवस. सकाळी भिंतीपाशी नेली. तिनं एक दाणा समोरच्या दातांत धरला. कट असा आवाज आला तो मलेही ऐकू आला.

"गोटे आणले वं," ती म्हशीले म्हणली. "तुह्या दावणीत टाकते. पोट दुखलं तर मले नको सांगू."

अन् टाकली. माह्यासमोर. म्हशीनं खाल्ली.

दुसऱ्या खेपेले मी ऊन पाणी टाकलं अन् भांडं चुलीजवळ ठेवलं. सकाळी वर फेस आला होता. वास मलेही आला होता, पण मी मनाची समजूत काढली की असाच येत असंल. तिनं नाकाले पदर लावला अन् म्हशीपुढं ओतली. म्हशीनं हुंगलं, फुसकन नाकातून हवा सोडली अन् मान फिरवली. भावजय इतकी हसली की तिले गोठ्याच्या मेढीले धरावं लागलं.

"म्हशीनंही तोंड नाही लावलं! बाप्पा! म्हैस पोतं खाते, चप्पल खाते, अन् यांची ज्वारी नाही खात!"

"तुही म्हैस माजली आहे. तुह्यावाणीच."

"आमची म्हैस दूध देते. तुमच्यासारखी नुसती डरकत नाही."

‘तुमच्या’ म्हणली अन् जीभ चावली. एकदम म्हशीच्या आडोशाले झाली. मीही तोंड फिरवलं. जन्मात पहिल्यांदा ती माह्याशी बोलली होती, अन् तेही शिवी द्यायले.

तिसऱ्या खेपेले कोंब फुटले. ती कोंबड्यांले गेली. पोतं उचललं की आता हाताले जड लागत नव्हतं. रात्री मी पोत्यात हात घालून पाहत होतो किती राह्यली ते, अन् पाला हाताले लागत होता, दाणे कमी.

मी गेलो रिकाम्या हातानं. म्हशीले म्हणलं, "विचार तुह्या मालकिणीले. किती वेळ ठेवत होती ती?"

"तिच्यापाशी घड्याळ नव्हतं. दात होते."

मग मले दिसलं. सकाळी माही बायको ज्वारीच्या भांड्यापाशी उकिडवी बसे, एक दाणा दातांत धरे, चावे, उरलेला अर्धा बोटावर घेऊन पाहे अन् थुंके. मी म्हणे, काय शेरडीसारखी चघळत राहते दिवसभर. ती म्हणे, "तुमच्यापेक्षा शेरडी बरी, ती चघळते अन् गप राहते." ती काय पाहत होती हे मी कधी विचारलं नाही. मले कण्यांशी काम होतं.

अन् माह्या तोंडात समोर दात नाहीत. कवळी आहे, ती डब्यात असते. कवळीले काय कळते? दगडही तसाच अन् दाणाही तसाच.

म्हणून शेवटच्या ज्वारीच्या वेळेले मी असं केलं. पोतं झटकून झटकून जेवढी निघाली तेवढी घेतली. बोरचं पाणी सोडलं अन् जुन्या विहिरीवरून खांद्यावर पाणी आणलं, कारण ती तिथूनच आणत होती अन् मी तिले म्हणत होतो की बोर दारात असून हिले मिरवायले जायचं असते. ज्वारी पाण्यात टाकली. अन् थोड्या थोड्या वेळानं भांडं घेऊन भिंतीपाशी जायचं. मी भांडं भिंतीवर ठेवायचं अन् मागं सरकायचं. ती यायची, पदर पुढं ओढायची, एक दाणा उचलून दातांत धरायची.

"अजून नाही," म्हशीले सांगायची.

दुपारी गेलो. "अजून नाही. काय मले सारखं बोलावते वं हा माणूस? माह्या दातांवर नाव लिहिलं आहे काय त्याचं?"

सांजेले गेलो. "अजून नाही. अन् आता दिवे लागले. आता विरजण मागायले आला तर हाणीन म्हणा."

मी म्हणलं, "सकाळी आंबली तर?"

"आंबली तर आंबली. मेलेल्या बाईची आहे, तिले काही फरक नाही पडत."

तिच्या तोंडातून असं निघालं अन् मले राग आला नाही. सगळ्या तेरवीत एकही माणूस इतकं सरळ बोललं नव्हतं.

सकाळी नुकतं फटफटत होतं तेव्हाच ती भिंतीपाशी उभी होती. मी भांडं ठेवलं. तिनं दाणा चावला. या खेपेले आवाज आला नाही. तिनं उरलेला अर्धा बोटावर घेतला, उजेडाकडे तोंड करून पाह्यला. मलेही दिसला. दाणा सगळा मऊ होता अन् मधात सुईच्या टोकाएवढा पांढरा टिपका राह्यला होता.

"आता," ती म्हणली. म्हशीकडे पाह्यलं नाही.

तिनं अर्धी ज्वारी तिच्या सुपात काढून घेतली. शिंक्यावरून दही आणलं, पाण्यात घुसळलं अन् माह्या गडव्यात ओतलं. विरजणापुरतं नाही, कण्यांपुरतं ताक, गडवा भरून. मी गडवा उचलला. धन्यवाद म्हणायची आमच्यात पद्धत नाही, अन् असती तरी म्हशीले काय म्हणायचं?

मी ज्वारी निथळली. उखळात कुटली. हात दुखले, पण सालटं निघाली, दाणा फुटला नाही. पाखडली, भरडली, ताकात टाकली, झाकून ठेवली. मग चूल पेटवली. हलवत बसलो. बुडाले लागू द्यायचं नसते. लसणाची फोडणी दिली, मिरची जरा करपली. ताटात वाढून घेतलं अन् नेहमीच्या जागेवर बसलो, फोटोच्या पाठीसमोर.

पहिला घास तोंडात घातला.

तीच चव.

काही कमी नाही, काही जास्त नाही. तोच आंबटपणा, तीच दाण्याची मऊ कच. डोळे मिटले असते तर तिनं वाढलं असं वाटलं असतं. इतके दिवस मी लोकांवर ओरडत होतो की ती चव आता येणार नाही. सुनेले म्हणलं होतं, पोराले म्हणलं होतं. मनातून मले तेच पाहिजे होतं, येऊ नये. ती गेली तर चव जायले पाहिजे होती. अन् मेल्या माह्या हातानं, त्या रांडेच्या म्हशीच्या ताकानं, कोणाच्या तरी दातानं ती आली. तशीच आली. ती नसली तरी आली.

मी सगळं खाल्लं. ताट चाटून खाल्लं. मग पोतं घेऊन अंगणात उलटं केलं. कडुलिंबाचा वाळला पाला पडला, दुसरं काही नाही.

सांजेच्या आधी गडवा धुऊन भिंतीपाशी गेलो. त्यात टाकायले काही नव्हतं. रिकामाच ठेवला. ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिनं गडव्यात पाह्यलं अन् यावेळी काही टोमणा मारला नाही.

मग म्हशीले म्हणली, "त्या घरच्या कण्या कशा झाल्या वं?"

मी म्हणलं, "सांग तिले. तिच्यासारख्या नाही झाल्या."

"ताक तर तेच होतं. ज्वारीही तिचीच होती."

"तरी नाही झाल्या."

मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला अन् पहिल्यांदा माह्याकडे तोंड करून पाह्यलं.

"हौ," ती म्हणली. "नाहीच होणार."

तिच्या ओठाच्या कडेले अजून कण्या चिकटल्या होत्या.